इंजिन वाढलं, पण दात?

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी बुलेटवाला असतोच. लग्नात नवरदेवाच्या घोड्यापेक्षा त्याच्या गाडीचे फोटो जास्त निघतात. सिग्नलला तो आला की चहावाल्याचे ग्लास थरथरतात. आणि त्याच्या बोलण्यात 'स्टॉक' हा शब्द नेहमी तुच्छतेनेच येतो. "स्टॉक आहे यार, काही दम नाही. पाचशेचं करून घेतो!"

गेल्या दिवाळीपर्यंत मीही त्याच पंथातला होतो. हिंजवडीत आठवडाभर स्क्रीनसमोर बसायचं आणि रात्री मोबाइलवर पिस्टन बघत झोपायचं. निमित्त होतं वरूडची आमची बुलेट. १९७२ची, साडेतीनशे सीसी. बाबांनी ती सेकंडहॅण्ड घेतली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तिच्यावर संत्र्याचे कॅरेट गेले, खताची पोती गेली, आजीला दवाखान्यात नेलं, मला शाळेत सोडलं. आता बाबा अडुसष्टचे आहेत आणि गाडी अजूनही रोज बगीच्यात जाते.

माझा प्लॅन एकदम सिम्पल होता. सुट्टीत इंजिन खोलायचं, पाचशेचं सिलिंडर बसवायचं आणि गाडी पुण्याला आणायची. 'समृद्धी'वर टू-व्हीलरला बंदी आहे, म्हणजे जुन्या रस्त्याने यायचं. त्यासाठी हायवेला ९०-१००ने आरामात धावणारी गाडी हवी. पार्ट्सचं बजेट काढलं, मिस्त्री ठरला, लेथवाल्याशी बोलणं झालं. बाबांना सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले.

वऱ्हाडातल्या बापाच्या "बरं"चे निदान चार अर्थ होतात. मी माझ्या सोयीचा घेतला.

मोर्शीवाल्याची गाडी

गाडी खोलायच्या आदल्या दिवशी मोर्शीचा एक शाळासोबती आला. त्याने हाच उद्योग वर्षभर आधी केला होता. साडेतीनशेच्या जुन्या गाडीवर पाचशेचं सिलिंडर, पिस्टन, हेड, मोठा कार्बोरेटर. बाकी सगळं जसंच्या तसं. "चालवून तर पाहा," म्हणाला. आम्ही वरूडहून प्रभातपट्टनमार्गे मुलताईचा रस्ता धरला. वरूडचे बगीचे मागे पडतात, महाराष्ट्राची हद्द संपते आणि रस्ता सातपुड्यात चढायला लागतो. वर तापीचं उगमस्थान. टेस्ट राइडसाठी यापेक्षा हटके रस्ता शोधून सापडणार नाही.

पहिले पंधरा मिनिटं काय सांगू! थ्रॉटल जरा पिळलं की गाडी उसळी मारायची. पण सपाटीवर ८०च्या वर गेलो तसे हातांना मुंग्या यायला लागल्या. इंजिन ओरडत होतं, टॉपनंतर अजून एक गिअर असावा असं वाटत होतं आणि तो नव्हता. चढ लागला तेव्हा टॉपमध्येच थ्रॉटल उघडलं. आवाज चढला, वेग मात्र तिथेच! दोन मिनिटांत जळक्या कॉर्कसारखा वास. क्लच घसरत होता.

मित्र म्हणाला, "हो, ते होतं. स्प्रिंग टाइट केल्या होत्या, मग लिव्हर दाबताना हात भरून यायला लागला. आणि हो, तिसरा गिअर कधी कधी उडतो, सांभाळ." म्हणजे गाडीचं हृदय नवं होतं आणि हातपाय जुनेच राहिले होते. संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी अडकित्त्यावरची नजरही वर केली नाही.

"दंडात जोर आला, पण मनगट तेच हाय ना बाबू."

बास! मी तीन रात्री जे वाचत बसलो, ते सगळं या एका वाक्यात होतं.

दातांचा फण्डा

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

जुन्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असतात, गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टने बांधलेला. इंजिनाची ताकद चाकापर्यंत तीन टप्प्यांत जाते. पहिला टप्पा प्रायमरी चेनचा, म्हणजे इंजिनाच्या स्प्रॉकेटवरून क्लचकडे. दुसरा गिअरबॉक्सचा. तिसरा मागच्या चेनचा, गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटवरून मागच्या चाकाकडे.

आमच्या गाडीचे दात मी जमिनीवर मांडी घालून मोजले. इंजिनाकडे २५, क्लचवर ५६. भागाकार केला की २.२४. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला १६ आणि मागच्या चाकाला ३८, म्हणजे २.३७५. टॉप गिअर सरळ एकास एक. या सगळ्यांचा गुणाकार ५.३२. याचा अर्थ टॉपमध्ये इंजिन ५.३२ वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. १९ इंची चाक आणि ३.२५चा टायर धरला तर चाकाच्या एका फेरीत गाडी साधारण दोन मीटर पुढे जाते.

यावरून हिशोब असा निघतो. ४,००० आरपीएमला १६ दातांवर वेग सुमारे ९२. तिथे १७ दात लावले तर सुमारे ९७. आणि १८ लावले तर सुमारे १०३. म्हणजे एका दाताला साधारण सहा किलोमीटर. उलट बाजूने बघा. ताशी ८०ला १६ दातांवर इंजिन जवळपास ३,५०० फेरे मारतं, १८ दातांवर ३,१००. चारशे फेरे कमी! हाताच्या मुंग्या तिथेच अर्ध्या होतात.

मग सगळेच १८ का लावत नाहीत? कारण फुकट काहीच मिळत नाही. १७ला मागच्या चाकावरची ओढ सहा टक्क्यांनी कमी होते, १८ला अकरा टक्क्यांनी. साडेतीनशेचं जुनं इंजिन १८ बीएचपीचं. त्याला १८ दात लावून डबलसीट चिखलदऱ्याचा घाट चढायला सांगणं म्हणजे छळ आहे. पाचशेचं इंजिन २२ बीएचपीचं, ते मात्र मोठं स्प्रॉकेट सहज ओढतं. म्हणून ताकद वाढवली तर गिअरिंग 'उंच' करायला हवं. नाही तर वाढलेली ताकद नुसती आवाजात आणि थरथरण्यात जाते. मोर्शीवाल्याचं नेमकं हेच झालं होतं.

पुढचं की मधलं?

इथे एक गंमत आहे, जी मलाही उशिरा कळली. गिअरिंग उंच करायचे दोन रस्ते आहेत. एक, गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट १६वरून १८ करा, गुणाकार ४.७३ येतो. दोन, ते १६च ठेवा आणि प्रायमरीत इंजिनाकडचं स्प्रॉकेट २५वरून २८ करा. मग प्रायमरी बरोबर २ होते आणि एकूण गुणाकार ४.७५. रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच धावतील.

पण आत फरक पडतो. क्लचवर येणारा टॉर्क म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले प्रायमरी. २.२४ ऐवजी २ झाले की क्लचवरचा आणि गिअरच्या दातांवरचा भार जवळपास अकरा टक्क्यांनी उतरतो. मागचं स्प्रॉकेट बदललं तर क्लचला काहीच आराम मिळत नाही, कारण ते क्लचच्या नंतर येतं. म्हणजे इंजिन खरंच तगडं केलं असेल तर आधी प्रायमरीकडे बघायचं. गाडी ज्या जागी अशक्त आहे, तिथूनच भार कमी होतो.

अडचणी आहेतच. हव्या त्या दातांचं स्प्रॉकेट दुकानात मिळेलच असं नाही. चेनची लांबी आणि टेन्शनर जमायला हवा, कारण तिथलं अंतर ठरलेलं असतं. आणि किक मारताना पाय गिअरबॉक्समार्फतच इंजिन फिरवतो, त्यामुळे प्रायमरी बदलली की एका किकमध्ये इंजिन कमी फिरतं. अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मधे आणून, डिकॉम्प्रेशन ओढून, मनात देवाचं नाव घेऊन किक मारणाऱ्यांना हे सांगायलाच हवं!

आणि पाच गिअर? पाच गिअरचा बॉक्स जुन्या इंजिनाला जोडून घेणारे पुष्कळ आहेत. पण एक गैरसमज काढून टाका. त्यातला पाचवा गिअरही जुन्या चौथ्यासारखा एकास एकच असतो. त्यामुळे टॉप स्पीड वाढत नाही. फायदा एवढाच की पायऱ्या जवळ येतात. चार गिअरच्या बॉक्समध्ये तिसरा साधारण १.३६ आणि चौथा १. तिसऱ्यात ४,०००वर गिअर टाकला की इंजिन थेट २,९५०च्या आसपास येऊन पडतं. चढावर हा खड्डा जाणवतो. पाच गिअरमध्ये तो लहान होतो. बदल्यात उजव्या पायाचा गिअर, पहिला वर आणि बाकीचे खाली, आणि टाचेने दाबला की थेट न्यूट्रल देणारा तो लाडका लिव्हर, हे सगळं जातं. ज्याने आयुष्यभर उजव्या पायाने गिअर टाकले, त्याचा पाय घाईच्या वेळी ब्रेकऐवजी कुठे जाईल, याचाही विचार करा.

थांबायचं कसं?

जोरात जायची चर्चा रात्रभर चालते, थांबायची कुणी काढत नाही. ८०वरून १०० म्हणजे वेग पंचवीस टक्क्यांनी वाढतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा छप्पन्न टक्क्यांनी. समोर तेच जुने ड्रम ब्रेक. शिवाय मीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत असेल तर स्प्रॉकेट बदलल्यावर मीटर खोटं बोलायला लागतं. १६चे १८ केले आणि काटा ८० दाखवतोय, तेव्हा तुम्ही ९०ने जात असता. समोर संत्र्याची ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, वेळ संध्याकाळची. या दहा किलोमीटरची किंमत काय, ते आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही.

कंपनीने स्वतः २०१३ मध्ये ५३५ सीसीची कॉन्टिनेण्टल जीटी आणली, तेव्हा नुसतं सिलिंडर मोठं करून सोडलं नव्हतं. फ्रेम नवी होती आणि पुढे-मागे डिस्क ब्रेक होते. आपण मात्र पिस्टन बदलतो आणि फोटो टाकतो.

कागदावरची गाडी

चौथ्या रात्री मी दातांवरून कायद्यावर घसरलो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावणाऱ्या बदलांबाबत हेच ठणकावलं. आरसीवर ३४६ सीसी आणि प्रत्यक्षात ४९९, म्हणजे उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आपणच कोलीत दिलेलं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची 'व्हिण्टेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. नंबरात 'व्हीए' अशी खास अक्षरं मिळतात. अट एकच, गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. १९७२ची आमची गाडी यात बसते. आणि पाचशेचं सिलिंडर बसवायचं म्हणजे मूळ क्रॅंककेसचं तोंड लेथवर कापून मोठं करावं लागतं. ७० मिलिमीटरच्या पिस्टनच्या जागी ८४चा बसवायचा तर दुसरा उपाय नाही. एकदा कापलं की कापलं. ते धातू परत येत नाही.

तोवर इंजिन खोललेलं होतं. क्रॅंककेस पोत्यात गुंडाळून लेथवाल्याकडे पोचलीही होती. सकाळी साडेआठला मी फोन केला. लेथवाला म्हणाला, "आताच बांधून रायलो होतो, दहा मिनिटात सुरू करतो." मी म्हणालो, "थांबा. येतोय मी."

क्रॅंककेस घेऊन घरी आलो. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पोतं उघडून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसं जनावर आजारातून उठलं की त्याच्या पाठीवरून फिरवतात. मग पोतं परत नीट बांधलं.

मी मोठ्या उत्साहाने 'व्हिण्टेज' नोंदणीचं सांगितलं. व्हीए नंबर, रुबाब, सगळं. त्यांनी एकच विचारलं, "मंग बगीच्यात नेता येईन का?"

नाही. व्हिण्टेज गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही.

"मंग तिले देवघरात ठिवाची काय? राहू दे. माह्यानंतर पाह्यजो तू."

यावर मला बोलता आलं नाही. आईनेही आत गॅस बंद केल्याचा आवाज आला. गाडी तशीच ठेवायची म्हणजे दार उघडं ठेवायचं, हे मला तेव्हा कळलं. ते दार आज बाबांसाठी बगीच्याकडे उघडतं. पुढे कधी माझ्यासाठी उघडेल. मी ते दहा मिनिटांत लेथवर कापून टाकणार होतो.

एका दाताची गोष्ट

इंजिन साडेतीनशेचंच बांधलं. रिबोअर, नवा पिस्टन, नव्या क्लच प्लेट, नवी चेन, ब्रेकचे नवे लायनर. पण माझी हौस पूर्ण गेली नव्हती. गुपचूप १७ दातांचं स्प्रॉकेट बसवलं. ते बदलायला प्रायमरीचं कव्हर, क्लच, आतली केस असं सगळं काढावं लागतं. सगळं उघडलेलं आहेच, तर एक दात वाढवून बघू, असा विचार.

मुलताई रोडवर गाडी झकास पळाली. ७०ला शांत, हॅण्डल स्थिर. मी खूश.

तीन दिवसांनी बाबा म्हणाले, "काय केलं बे तू हिले?"

"काही नाही बाबा. का?"

"बगीच्यात दोन कॅरेट मांडले का पयल्यातबी क्लच दाबून चालवा लागते. आधी नोयती लागत. पायी चालल्यासारखी चाले."

एक दात! सहा टक्के! मी आरपीएमचं गणित करून शोधलं असतं, ते त्यांच्या डाव्या हाताने तीन दिवसांत शोधलं. ओलितातल्या मऊ मातीत, दोन झाडांच्या ओळींमधून, माणसाच्या चालीने गाडी चालवायची तर १६च दात हवेत. ज्याने पन्नास वर्षांपूर्वी ते १६ ठरवले, तो कधी वरूडला आला नसेल, पण त्याला ओझं आणि खराब रस्ता माहीत होता.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सगळं पुन्हा खोललं आणि १६ परत बसवलं. बाबा शेजारी स्टूल टाकून बसले, नटांची वाटी मांडीवर धरून. त्या दोन तासांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं गेल्या दोन वर्षांत फोनवर बोललो नसू.

जाता जाता

तुमच्याकडे मुळातच पाचशेची जुनी बुलेट असेल किंवा रस्त्यावर न येणारी, फक्त ट्रॅकसाठी बांधलेली गाडी असेल, तर जरूर खेळा. फक्त क्रम उलटा ठेवा. आधी ब्रेक आणि टायर. मग क्लच, प्लेट आणि स्प्रिंग दोन्ही. मग प्रायमरी. मग गिअरबॉक्सचे बुश आणि दात तपासून घ्या. त्यानंतर मागचं स्प्रॉकेट, तेही एकेका दाताने. नवं स्प्रॉकेट लावताना चेनही नवी, आणि चेन कुठे घासत नाही ना ते हाताने चाक फिरवून बघा. सगळ्यात शेवटी इंजिन. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात आणि पैसे संपले की थांबतात, म्हणून त्यांचे क्लच जळतात.

आणि लेथवर काहीही पाठवायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. ही गाडी रोज कोण चालवतं आणि कुठे चालवतं?

ते १७ दातांचं स्प्रॉकेट मी पुण्याला घेऊन आलोय. ऑफिसच्या डेस्कवर पेपरवेट म्हणून ठेवलंय. कुणी विचारलं की सांगतो, बाबांच्या गाडीचं आहे, एक दात जास्त झाला होता.